इंजिन बंद केल्यावर

हळू बसा. मधोमध. होडी माझ्या मेव्हण्याची आहे,
तिचा तोल माझ्यापेक्षा तिलाच जास्त कळतो.
हात पाण्यात सोडू नका.
इथे एक आजोबा राहतात.
नदीवर असताना आम्ही त्यांचं नाव घेत नाही,
घेतलं की ते वर येऊन विचारतात, कोण बोललं?
तुम्ही म्हणाल मगर.
म्हणा, पण काठावर गेल्यावर.

मी अस्मिदी. बोर्निओतल्या याच नदीच्या
याच वळणावर जन्मलो, पुराच्या वर्षी, असं आई सांगायची.
पूर नसलेलं वर्ष कुठलं, ते तिने कधी सांगितलं नाही.

ते बघा, डावीकडे, उंच फांदीवर:
लोंबत्या नाकाचा, ढेरपोट्या, पाय पसरून बसलेला.
माझे खरे आजोबा त्याला वलंदेज म्हणायचे.
तसलेच साहेब म्हणे समुद्रावरून आले होते,
उन्हाने लाल, जेवून सुस्त,
मनात कशाचा तरी हिशेब चाललेला.
मोठ्याने हसू नका मॅडम, त्याला राग येतो.
साहेबांनाही यायचा.

तिरंदाज पंख वाळत घालून उभा आहे,
दोरीवर कुणी काळा सदरा विसरावा तसा.
खंड्या! निळी रेघ.
गेली.
तुमचा कॅमेरा अजून डोळे चोळतोय.

तीन दिवसांत तुमच्या वहीत एकेचाळीस नावं झाली.
काल जेवताना म्हणालात, केवढी श्रीमंती,
इतकी दाटी जगात कुठे पाहिली नाही.
मी मान हलवली.
मान हलवण्याचे पैसे सहलीच्या दरातच धरलेले असतात.

पण आता इंजिन बंद आहे,
आणि इंजिन गप्प झालं की मला गप्प बसवत नाही.
ही झाडं भिंत नव्हे, पडदा आहे.
दोनशे पावलं आत चला,
पलीकडे तेलमाड, हजेरीला उभ्या पोरांसारखे,
रांगेमागे रांग, टेकडीमागे टेकडी,
नजर थकते, रांग थकत नाही.
पुरात सगळं गाव शाळेच्या एका ओट्यावर चढतं,
कोंबड्या, म्हाताऱ्या, शिलाई मशीन,
एकमेकांशी न बोलणारे भाऊ;
लांबून बघणाऱ्याला वाटतं, जत्रा भरली.
दाटी ही अशी.

माझी बायको सारिपा तिथेच जाते,
पहाटे साडेपाचच्या ट्रकने, गळलेली फळं वेचायला.
गोणीवर पैसे.
तिच्या गोण्या आणि तुमच्या सहली मिळून
आमची नोर्लेला कॉलेजात गेली.
तेव्हा शिव्या कुणाला घालू?
हे बिस्किट तुम्ही पुढे केलंत,
त्यातलं तेलही इथूनच निघालं असेल, जग फिरून आलं.
चांगलं आहे. अजून एक द्या.

गेल्या महिन्यात हत्तींनी आमच्या केळी मोडल्या.
सासू पातेलं बडवत धावली,
मग त्या कळपातलं पिल्लू बघून पातेलं खाली ठेवलं
आणि म्हणाली, खा बाबा, तुझ्याच जागेवर लावल्यात.
दुसऱ्या दिवशी मात्र कुंपणाला तार मागितली तिने.

अंधार झाला. टॉर्च विझवा.
ते झाड बघा, काजव्यांचं.
याचा फोटो येत नाही, म्हणून मला ते आवडतं.

आणि आता एक सांगतो, वहीत लिहू नका.
तेरा दिवसांपूर्वी, एकटाच परतताना,
पाण्यात एक डोकं दिसलं, पलीकडे निघालेलं.
अंगावर ढगांचे डाग असलेला बिबट्या.
जन्मात दुसऱ्यांदा.
काठावर चढला, अंग झटकलं,
माझ्याकडे बघितलं, ओंडक्याकडे बघावं तसं.
लॉजवर कळवलं असतं तर दुप्पट दर, सहा होड्या.
सारिपालाही बोललो नाही.

कुठला काठ विचारताय?
काठ काय, दोनच असतात नदीला.
सरळ बसा, इंजिन लावतो.